पोटखराबा

सातबाऱ्यावर त्याला नाव नाही.
कोडोलीच्या शिवेवरचा गट, बेचाळीस आर,
आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत
पोटखराबा : सहा आर.
म्हणजे जे पिकत नाही ते.
म्हणजे ओढा.

फडतऱ्यांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार खडे.
'ह्याला सरळ करा. ह्यूम पाइप टाकू, वर मुरूम.
चौदा प्लॉट बसतात.'
मी पट्टी ठेवली. बसले चौदा.
पट्टीला काय,
ती कुठंही सरळच असते.

मोजणीला टेप धरायला बाळकू येडगे होता,
शेरडं वर माळावर सोडून आलेला.
म्हणाला, 'हितनं न्हाई जात त्ये. ह्या झाडाला इचारा.'
करंजाच्या बुंध्यावर वाळल्या गाळाची रेघ,
तिच्यात अडकलेली एक चप्पल.
मी रेघेची पातळी घेतली
आणि तीच पातळी धरून पलीकडच्या काठाला चालत गेलो.
ती निघाली प्लॉट नंबर नऊच्या
स्वयंपाकघरात,
ओट्याच्या वर चार बोटं.

त्या रात्री ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडली.
ऑफिसात आता हाताने कुणी काढत नाही, मी काढतो.
खरवडलेला कागद दिव्यासमोर धरला की पातळ दिसतो,
तिथून उजेड जरा जास्त येतो.
नऊ गेला. दहा गेला.
आठ बराच वेळ राहिला,
मग तोही गेला.

'तीन प्लॉटचे पैसे तुम्ही देणार का, लोहारसाहेब?'
नाही, म्हणालो.
'मग?'
मग मी त्यांना नऊमध्ये नेऊन उभं केलं,
करंजापासून दोरी ताणली.
दोरी बरोबर त्यांच्या पोटावर आली,
शर्टाच्या चौथ्या बटणाला.
फडतरे बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले.
हो म्हणाले नाहीत.
खडे उचलून फेकले, नकाशाची गुंडाळी केली,
आणि आठवड्याने जेसीबी आला तेव्हा
काठापासून नऊ मीटरवर चुना त्यांनीच टाकला होता,
जरासा वाकडा, ओढ्यासारखा.

रमजान शिकलगारने चुन्यापर्यंतच खणलं.
एकदाच बकेटचा एक दात पलीकडे गेला,
उंबराची मुळी उघडी पडली, पांढरी, ओली.
मशीन बंद करून तो खाली उतरला,
दोन्ही हातांनी माती लोटली
आणि कुणी बघितलं का, ते बघितलं.

दस्ताच्या वेळी टायपिस्टने चतुःसीमा लिहिली :
पूर्वेस नाला.
मी म्हटलं, ओढा लिहा.
'एकच की, साहेब.'
एकच कसं?
नाला माणूस काढतो.
त्याने माझ्याकडे पाहिलं, कागद बदलला.
काठच्या पाच दस्तांत आता ओढा आहे,
शिक्क्यासकट.

घरं झाली. अकरा.
डास आहेत म्हणून दोन अर्ज आले.
कुणीतरी निर्माल्य पिशवीसकट टाकतं,
पिशवी निर्गुडीला लटकून फडफडते.
सातमधल्या ज्योत्स्ना बाबर सिव्हिलची रात्रपाळी करून येतात,
चपला न काढता मागच्या पायरीवर बसतात.
'एक परीट येतो हो,' म्हणाल्या,
'सारखी शेपटी हलवतो. बघता बघता माझा चहा गार होतो.'

चैत्रात गेलो होतो. पात्र कोरडं.
फडतरे असते तर म्हणाले असते,
ह्याच्यासाठी तीन प्लॉट?
मी एक दगड उचलला.
खाली ओल, आणि खेकडा,
दोन्ही नांग्या वर करून,
जसा मीच त्याच्या हद्दीत आलो होतो.
दगड होता तसा ठेवायला गेलो.
तीनदा फिरवला.
तसा काही बसला नाही.